वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) घरापासून ५० मीटरवरच्या कारखान्यात रात्री वेल्डिंगच्या जोडांचे गॅमा किरणांनी एक्स-रेसारखे फोटो काढतात. धोका आहे का, आणि विचारायचं कुणाला?

काम नीट चालू असेल तर घरात बसलेल्यांना घाबरायचं कारण नाही. लक्ष ठेवायचं ते शॉट, म्हणजे एक फोटो, संपल्यानंतर काय होतं यावर.

आधी आकडे. अशा कॅमेऱ्यात बहुधा इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा छोटा तुकडा असतो; त्यालाच सोर्स म्हणतात. २० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्सर्गाच्या तीव्रतेचं एकक) सोर्स उघड्यावर आला की १ मीटरवर ताशी साधारण १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) मात्रा. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते, त्यामुळे ५० मीटरवर ताशी ०.०४ मिलिसिव्हर्ट. रात्रीत मिळून १० मिनिटं सोर्स बाहेर असेल तर ०.००७ च्या आत. कॉलिमेटर (किरण एकाच दिशेला सोडणारं जड धातूचं आवरण) आणि मधल्या भिंती ती आणखी कमी करतात. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. मात्र हे काम बारमाही, रोज उघड्यावर चालत असेल, तर आडोसा नसताना दीडशेएक रात्रींत ती मर्यादा गाठली जाते. रोजच्या कामाला जाड काँक्रीटची बंदिस्त खोलीच हवी. त्यासाठी आग्रह धरा. सोर्स कॅमेऱ्यात परत गेला की हवेत किंवा पाइपात काहीही उरत नाही.

आता खरी गोम. सोर्स पिगटेल नावाच्या छोट्या लवचीक केबलच्या टोकाला असतो आणि पिगटेल ड्राइव्ह केबलला अडकवलेली; हँडल फिरवून हीच केबल सोर्स बाहेर-आत नेते. ती नीट बसली नाही, किंवा सोर्स जिच्यातून बाहेर जातो त्या गाइड ट्यूबवर जॉब (तपासायचा जड भाग) पडून ट्यूब चेपली, तर हँडल पूर्ण मागे फिरवूनही सोर्स बाहेरच राहतो. डोळ्यांना काही कळत नाही. कामगाराच्या छातीवरचा, मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅजही त्या क्षणी इशारा देत नाही, तो नंतर प्रयोगशाळेत वाचतात. म्हणून प्रत्येक शॉटनंतर चालू सर्व्हे मीटर (किरण मोजणारं हातातलं यंत्र) घेऊनच कॅमेरा आणि पूर्ण ट्यूब तपासायची. हे टाळणारी टोळी मला अजिबात मान्य नाही. पेरूमध्ये यानांगो इथे १९९९ साली सुटलेला असाच सोर्स एका वेल्डरने उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला; त्याला पाय गमवावा लागला.

दिवसा कारखान्यात जाऊन रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर (किरणांपासूनच्या सुरक्षेचा जबाबदार अधिकारी) कोण ते विचारा. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, रेडिओग्राफरचं (हे फोटो काढणाऱ्याचं) प्रमाणपत्र आणि सर्व्हे मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख दाखवायला सांगा. रात्री दोरी, लाल दिवा आणि फलक दिसायला हवेत, आणि फलक गुजराती-हिंदीतही हवा, कारण तिथून जाणारे चौकीदार-मजूर तेच वाचतात. टाळाटाळ झाली तर मुंबईत अणुशक्तिनगरच्या नियामक भवनात मंडळाकडे लेखी तक्रार करा. मंडळाला माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

आवारात किंवा भंगारात बारीक लवचीक केबलचा, टोकाला चकचकीत धातू असलेला तुकडा दिसला तर हात लावू नका, झाडूनेही सरकवू नका. सगळ्यांना निदान ५० मीटर लांब न्या, ११२ ला फोन करून ‘किरणोत्सर्गी सोर्स असू शकतो’ असं स्पष्ट सांगा. कुणी तो आधीच हाताळला असेल तर त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना द्या; कातडी लाल व्हायला काही दिवस लागू शकतात.