बागेची विचारपूस: गुलाबी ट्युलिप

या वेळच्या पत्रांत ट्युलिप इतके होते की शेवंती आणि गुलाबवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलं आहे. त्यातही मागणी गुलाबी रंगाचीच. लाल-पिवळ्यांची चौकशी कुणीच करत नाही!

प्रश्न: घरासमोरच्या हिरवळीच्या कडेला गुलाबी ट्युलिपचे पन्नास कंद लावले होते. पहिल्या वसंतात दृष्ट लागावी असा बहर आला. यंदा नुसती पानं, तीही एका कंदाला एकच रुंद पान. खत घातलं, पाणी कधी कमी पडू दिलं नाही. काय बिघडलं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

राग मानू नका, पण पहिल्या वर्षीचं फूल तुमचं नव्हतंच. कंद दुकानात येतो तेव्हा फूल त्याच्या पोटात तयार असतं. ऑक्टोबरमध्ये एखादा कंद सुरीनं उभा चिरून बघा, मधोमध इवलंसं फूल दिसेल. ते घडवलं कुणी, तर शेतकऱ्यानं. मी हॉलंडमधल्या लायडनच्या उत्तरेला राहते. इथून हार्लेमपर्यंत समुद्राकाठच्या वाळूत ही शेतं आहेत. फुलं पुरती उमलली, रंग आणि रोग तपासून झाला की शेतकरी यंत्र घालून सगळी मुंडकी उडवतो. पर्यटक हळहळतात, पण बी धरण्यात जाणारी ताकद कंदात उतरावी म्हणून हे करावंच लागतं. जून-जुलैत काढणी होते, मग कंद गोदामात कोरड्या, उबदार हवेत ठेवतात. पुढच्या वसंताचं फूल आत घडतं ते त्याच दिवसांत.

तुमच्याकडे फुलून झाल्यावर तो मूळ कंद संपला आणि जागी त्याची पिल्लं उरली. पिल्लू चांगलं पोसलं तरच त्याला फूल धरता येतं, नाहीतर एकच रुंद पान काढून ते वर्ष ढकलतं. तुमच्या वाफ्यात हेच झालंय.

पिल्लं पोसली का नाहीत, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: पाणी. ट्युलिपचं माहेर मध्य आशियात, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरांत. तिथे हिवाळा कडाक्याचा, वसंतात वितळत्या बर्फाचा ओलावा आणि त्यानंतर खडखडीत उन्हाळा. अमेरिकेतल्या हिरवळीवर मात्र ऐन जुलैत फवारे चालू. विसावलेल्या कंदाला ते सोसत नाही, तो कुजतो. हिरवळीच्या खतात नत्र भरपूर असतं, त्यानं पाती माजतात, कंद भरत नाही.

तेव्हा यंदा जागा बदला. फवारा पोचत नाही अशी, उन्हाची, पाणी साचत नाही अशी जागा शोधा. जात घ्यायची ती डार्विन हायब्रिड गटातली. गुलाबीत 'पिंक इंप्रेशन' मिळतो. फूल मोठं, देठ दणकट, आणि वर्षामागून वर्ष परत येण्यात हा गट बाकीच्यांपेक्षा भरवशाचा. ऑक्टोबर अखेरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर सरेपर्यंत लावा, चांगले २० सेंमी खोल. दुकानदार कमी सांगेल, तुम्ही खोलच लावा. फूल सुकलं की फक्त मुंडकं खुडा. देठ आणि पाती पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सुमारे ६ आठवडे, हात लावू नका. शेजाऱ्यांना ती अवकळा बघवणार नाही, पण त्या पातींतूनच पुढचं फूल यायचंय.

प्रश्न: गुलाबी ट्युलिप लवकर संपतात. महिनाभर तरी गुलाबी दिसावं यासाठी कोणते निवडू?
– एक वाचक, मँचेस्टर

एकच जात घेतली तर पंधरवड्यात कारभार आटोपतो. तीन वेळांचे निवडा. सुरुवातीला 'फॉक्सट्रॉट': बुटका, दुहेरी पाकळ्यांचा, पांढऱ्यातून गुलाबीत उतरणारा. मग 'पिंक इंप्रेशन'. शेवटी मे महिन्यात 'चायना पिंक' किंवा 'मेंटन'. 'चायना पिंक'च्या पाकळ्यांची टोकं बाहेर वळतात, बांधा सडसडीत, मला सगळ्यांत आवडतो तो हाच. 'आंजेलिक'चं कौतुक जिथे तिथे वाचाल, कारण फोटोत तो गुलाबासारखा दिसतो. पण दुहेरी फुलात पावसाचं पाणी भरतं आणि मान टाकून तो आडवा होतो. मँचेस्टरच्या पावसात त्याला भिंतीच्या आडोशाला कुंडीत ठेवा.

तिकडे नोव्हेंबरच्या आधी लावायची घाई करू नका. माती गार झाली की पाती करपवणारी बुरशी कमी त्रास देते. खाली फर्गेट-मी-नॉटची निळी चादर असेल तर गुलाबी रंग खुलतो.

प्रश्न: सगळ्या गुलाबी फुलांत एकाच फुलावर पांढरे पट्टे आले. फारच सुंदर दिसतंय. याचे कंद वाढवता येतील का?
– एक वाचक, आइंडहोवन

आधी विकत घेतलेल्या पाकिटावरचं नाव बघा. 'ओलियुल'सारख्या काही जातींची कडा मुळातच फिकट असते. तसं नसेल आणि पट्टे पिसासारखे फाटलेले असतील तर तो विषाणू आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये अशाच पट्टेदार फुलांना वेड्यासारखी किंमत आली होती आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. हे सौंदर्य म्हणजे आजार, हे १९२८ साली इंग्लंडमध्ये डोरोथी केली या संशोधक बाईंनी दाखवून दिलं. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि कंद हळूहळू खंगत जातो. फोटो काढा, मग कंद मातीसकट उपटून कचऱ्यात. खतखड्ड्यात नको.

प्रश्न: एप्रिलच्या सहलीत हॉलंडमधली केऊकेनहॉफची ट्युलिप बाग पाहिली. येताना ट्युलिपचे कंद आणले आहेत. पुण्यात गच्चीवर लावू का?
– एक वाचक, कोथरूड

एप्रिलमध्ये इथला कंद फुलाखाली जमिनीत असतो. त्या दिवसांत दुकानात जो मिळतो तो आदल्या उन्हाळ्यात काढलेला, त्याच्यात जोर किती उरलाय कोण जाणे. शिवाय परदेशातून कंद आणायला भारतात आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. दुकानदार पिशवी बांधताना हे सांगत नाही.

ट्युलिपला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे थंडी हवी, ९ अंशांच्या आतली. पुण्याचा डिसेंबर कितीही बोचला तरी दुपारी ऊन चटकतंच. हौस असेल तर नवे कंद भारतातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून ऑक्टोबरमध्ये मागवा, आधीच थंडावलेले मिळाले तर उत्तम. नसतील तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवा. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा केळी ठेवू नका, फळांतून निघणाऱ्या वायूनं आतली कळी मरते. जानेवारीत कुंडीत लावून सावलीत ठेवा. फूल आलं तर चार-पाच दिवस टिकेल. नंतर तो कंद पुन्हा फुलण्याची आशा धरू नका. दरवर्षी एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखाद्या वर्षी श्रीनगरला जा. झबरवानच्या पायथ्याशी २००७ पासून मोठी ट्युलिप बाग आहे, आणि थंडीची सोय तिथे निसर्गानंच केलेली आहे.

प्रश्न: खारी कंद उकरतात, हरणं कळ्या खातात. उपाय?
– एक वाचक, व्हर्जिनिया

लावल्यावर वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरा, पाती तिच्यातून वर येतात. खारींचं काम तिथेच थांबतं. हरणांसमोर मात्र कुंपणच हवं, किंवा त्या कोपऱ्यात ट्युलिप सोडून डॅफोडिल लावा. ते विषारी असतात, हरणं तोंड लावत नाहीत. गुलाबी छटेचेही मिळतात.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना गावाचं नाव, माती चिकण आहे की वाळूची, आणि हिवाळ्यात पारा कुठवर उतरतो एवढं जरूर लिहा. 'आम्ही परदेशात असतो' एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.