खलनायक खोटा का वाटतो?

आपण विचारले आहे की, कथेला खलनायक हवाच असतो का, आणि आपल्या कादंबरीतील सावकार एवढी दुष्कृत्ये करूनही वाचणाऱ्यांना खोटा का वाटतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: हवाच असे नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात सुधाकराला दारूची चटक लावणारा तळीराम आहे, पण सुधाकराची खरी झुंज स्वतःशीच चालते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने सोलापुरातील हौशी संस्थांच्या तालमी मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की नवख्या लेखकाचा खलनायक बहुधा एकटा असल्यामुळे फसतो. त्याला क्रौर्य दिलेले असते, गडगडाटी हास्य तर हमखास असते. परंतु त्याच्या सत्तेवर ज्यांचे पोट चालते, ती माणसे संहितेत कोठेच नसतात.

विराटपर्वातील कीचक पाहावा. तो राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती आहे. भर सभेत तो द्रौपदीला लाथ मारतो आणि विराट त्याला आवरत नाही, कारण राज्य त्याच्याच बळावर उभे आहे. त्या लाथेपेक्षा सभेचे गप्प बसणे अधिक भयंकर वाटते. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कथा पुराणातली असूनही सरकारला ती झोंबली, यातच त्या खलपात्राची ताकद कळते.

'सामना' चित्रपटातील साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील याच जातकुळीचा. तेंडुलकरांनी त्याला कर्तृत्व दिले, त्या कर्तृत्वाचा खराखुरा अभिमान दिला आणि दारुड्या मास्तरला घरी ठेवून घेण्याइतके आतिथ्यही दिले. ऊस आणि कारखाना यांभोवती राजकारण फिरणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा माणूस कोणालाही परका वाटत नाही.

आता आपला सावकार. आमच्याकडे यंत्रमागावरच्या कामगाराला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला रात्री अकरा वाजता दवाखान्यासाठी पैसे लागले, तर बँक उघडी नसते. दार उघडतो तो सावकारच, आणि त्या क्षणी तो खरोखरच उपकारकर्ता असतो. अशी एक रात्र आपल्या कादंबरीत येऊ द्यावी. त्यानंतर जमीन बळकावण्याचा प्रसंग सावकाराच्या बाजूने न लिहिता, त्याच्याकडून पूर्वी पैसे घेतलेल्या आणि म्हणून आता साक्ष देण्याचे टाळणाऱ्या शेजाऱ्याच्या नजरेतून लिहून पाहावा. एवढे साधले की सावकाराच्या तोंडच्या धमक्या निम्म्याने कापता येतील. नाहीतरी तो खोटा वाटतो तो बहुतेक त्या धमक्यांमुळेच.