अकराव्या ओळीतली विनंती

“माझ्या ई-मेलना कार्यालयात कोणी उत्तरच देत नाही, म्हणजे माझी तिथे काहीच किंमत नाही का?” नोकरीत नुकतीच स्थिरावू लागलेली कितीतरी तरुण मंडळी हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला विचारतात. त्यांपैकी एकीची हकीकत तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात ती निर्यातीच्या ऑर्डरींचा पाठपुरावा करते. झोप लागत नाही, ही तिची पहिली तक्रार होती. रात्री उठून ती मोबाईलवर उत्तर आले का ते पाहत असे आणि आले नसले की आपले काही चुकले असावे, साहेब रागावले असावेत, असे तर्क लढवत पहाटेपर्यंत जागी राहत असे. मी तिला उत्तर न आलेल्या पाच ई-मेलच्या छापील प्रती घेऊन यायला सांगितले, कारण मनातली घालमेल उलगडताना कधीकधी समोर कागद असलेला बरा असतो.

पहिल्याच ई-मेलचा विषय होता ‘नमुन्यांबाबत’. मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्याचा आशय सांगते. सुरुवातीला क्षेमकुशल, मग मागील महिन्यातील पत्रव्यवहाराचा संदर्भ, रंगणी खात्यातील अडचण, बहुमोल वेळ घेतल्याबद्दल क्षमायाचना आणि अखेरीस, अकराव्या ओळीत, ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’. हे सारे एकाच वेळी सात जणांना पाठवलेले होते.

“यातली कार्यवाही कोणी करायची?” मी विचारले.

“मोठ्या साहेबांनी. पण ते त्यांना कळतंच की.”

“आणि केव्हापर्यंत?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “तारीख लिहिली तर उद्धटपणा वाटेल ना, मॅडम?”

खरी गाठ तिथे होती. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ या वळणावर आपण लहानाचे मोठे झालो आहोत. वडीलधाऱ्यांकडे काही मागायचे तर आडवळणाने, हा संस्कार घरी आणि शाळेत दोन्हीकडे झालेला असतो. माझी त्या संस्काराबद्दल तक्रार नाही. मात्र कारखान्यातल्या फेरीत चालता चालता मोबाईल पाहणाऱ्या माणसाला विषय आणि पहिली एखाददुसरी ओळ एवढेच दिसते, आणि तेवढ्यात आपल्याकडून काय हवे आहे हे कळले नाही, तर तो ‘नंतर बघू’ म्हणून पुढे जातो. त्यात तिरस्कार नसतो.

सात नावांचीही एक गंमत आहे. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपल्याखेरीज इतरही ऐकत आहेत असे वाटणारी माणसे संकटातल्या व्यक्तीच्या मदतीला कमी प्रमाणात आणि उशिरा गेली. तो प्रसंग आणीबाणीचा होता, तरी ‘दुसरा कोणीतरी पाहील’ हा भाव कार्यालयातही ओळखीचाच आहे.

आम्ही तोच ई-मेल पुन्हा लिहिला. विषय: ‘४८० जीएसएम टॉवेल, निळी छटा: बुधवारी दुपारी ३ पर्यंत निर्णय हवा’. मजकूर: ‘सर, सोबतच्या अ आणि ब नमुन्यांपैकी कोणता घ्यायचा ते कृपया कळवावे. बुधवारी कळल्यास गुरुवारी सूत रंगणीला देता येईल. अन्यथा लॉट सोमवारपर्यंत थांबेल.’ पाठवायचा एकालाच. ज्यांना केवळ माहिती हवी, ते दोघे सीसीमध्ये. पार्श्वभूमी हवी असेल त्याच्यासाठी खाली चार ओळी. ‘तातडीचे’ हा शब्द मी काढायला लावला, कारण तो तिच्या पाचही ई-मेलमध्ये होता.

याने सगळे सुटले असे नाही. भांडार विभागातील एका अधिकाऱ्याने सुधारलेल्या ई-मेललाही उत्तर दिले नाही. तिथे मजकूर आणखी घासूनपुसून काही होणार नव्हते. त्यांच्या टेबलाशी जाऊन बोलायचे आणि परत आल्यावर ठरलेली गोष्ट दोन ओळींत लिहून पाठवायची, एवढेच मी सुचवले. जायला तिला आठवडा लागला.

तिसऱ्या भेटीला ती आली ती मोबाईल पुढे करतच. मोठ्या साहेबांचे उत्तर बुधवारी सकाळीच आले होते: ‘ब घ्या.’

मी अभिनंदन केले, तर तिचा चेहरा उतरलेलाच. “इतकं तुटक, मॅडम? रागावले असतील का?”

त्या दिवशी आम्ही ई-मेलविषयी बोललो नाही. एकेका शब्दात उत्तर देणाऱ्या तिच्या वडिलांविषयी बोललो.