बजेट कमी दाखवलं तर फंड लवकर मिळतो का?

पत्र: मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बंद पडलेल्या एका सर्कशीतल्या कलाकारांवर ५० मिनिटांची डॉक्युमेंटरी करायचीय, त्यासाठी एका फंडाचा अर्ज भरतेय. मी आणि दोन मित्र पैसे घेणार नाही, कॅमेरा एका मित्राचाच आहे, त्यामुळे बजेट खूप कमी आलंय. कमी दिसलं तर चान्स वाढेल ना? शीट सोबत जोडलीये. आणि खरं सांगू, मला फिल्मपेक्षा ती एक्सेल शीट करतानाच जास्त मजा आली, तर यात काही करिअर होतं का?

उत्तर:

नाही गं, वाढत नाही, उलट कमी होतो. असे अर्ज वाचायला बसणाऱ्यांत बरेच जण स्वतः फिल्म करून हात पोळून घेतलेले असतात, त्यांना आकडा लहान आहे की मोठा यापेक्षा एकच गोष्ट बघायची असते, या मुलीने ही फिल्म शेवटपर्यंत डोक्यात करून बघितलीये का नाही. ते सिनॉप्सिसमधून, म्हणजे फिल्मच्या थोडक्यात सारांशातून, कळत नाही कारण सिनॉप्सिस सगळेच छान लिहितात, बजेटमधून मात्र लगेच कळतं.

तुझ्या शीटमधली एकच ओळ घेते. "एडिटिंग, १५ दिवस, मित्र करेल, शून्य." आता वरच्या ओळीत तूच शूटचे १८ दिवस लिहिलेत. रोजचं तीन तास फुटेज धर, जास्त नाही धरत, तरी ५४ तास झाले. एडिटर बिचारा रोज सहा तास नुसतं बघत बसला तरी ९ दिवस फक्त बघण्यातच गेले, उरले सहा, आणि त्या सहा दिवसांत ५४ तासांतून ५० मिनिटं काढायची. डॉक्युमेंटरीची स्क्रिप्ट खरी तर एडिट टेबलवरच लिहिली जाते, त्यामुळे तिथे दिवस नाही, आठवडे मोजायचे असतात. वाचणारा ही ओळ बघून पेन खाली ठेवेल.

आणि त्याच ५४ तासांतून हार्ड डिस्कचा आकडाही निघतो, जो तू "हार्ड डिस्क १ नग" असा लिहिलायस. मित्राचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर शूट करत असेल तर तासाला साधारण ४५ जीबी, म्हणजे अडीच टीबीच्या आसपास, पण फोर-के प्रोरेस एचक्यूवर, म्हणजे जास्त दर्जाच्या पण खूप जड फाइलवर, केलं तर तासाला ३३० जीबीच्या घरात जातं आणि तोच ढीग १८ टीबीचा होतो. वर तीन कॉपी ठेवायच्या, त्यातली एक वेगळ्या घरात. म्हणून कॅमेरा कुठल्या सेटिंगवर चालणार हे बजेट लिहायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर नाही.

आता तुमच्या फुकट कामाबद्दल. ते शून्य लिहायचं नाही. बाजारात त्या कामाचा जो दर चालतो तो दिवसांनी गुणून पूर्ण लिहायचा, कॅमेऱ्याचं भाडंसुद्धा, आणि मग फायनान्स प्लॅनमध्ये, म्हणजे पैसे कुठून येणार त्या शीटमध्ये, तेवढीच रक्कम "इन-काइंड" म्हणून, म्हणजे रोख नाही तर काम किंवा वस्तूच्या रूपात आलेली मदत म्हणून, दाखवायची. दोन्ही शीटची बेरीज जुळली पाहिजे, एका रुपयाचा फरक राहिला तरी तो बरोबर त्यांच्या नजरेत येतो. यातला फायदा असा की मित्राला उद्या नोकरी लागली आणि तो निघून गेला तरी त्याच्या जागी माणूस आणायला किती लागतील हे आधीच लिहिलेलं असतं. आणि स्वतःची डायरेक्टर फी पण टाक, लाजू नकोस. दोन वर्षं पदरमोड करून काम करणारी माणसं मधेच थकतात हे फंडवाल्यांना चांगलं माहीत असतं.

सर्कस म्हटल्यावर जुने फोटो, बातम्यांच्या फिती आणि बँडचं संगीत येणारच, आणि तुझ्याकडे आर्काइव्हची ओळच नाहीये. हे हक्क बहुतेक वेळा सेकंदावर किंवा मिनिटावर, आणि कुठे, किती वर्षं, टीव्हीवर की ऑनलाइन यावर विकले जातात. स्वस्त म्हणून थोड्या वर्षांचे घेतले तर काय होतं बघ: अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची आइज ऑन द प्राइज ही १९८७ सालची गाजलेली मालिका, आर्काइव्हच्या हक्कांची मुदत संपली म्हणून वर्षानुवर्षं दाखवताच येत नव्हती, नव्याने पैसे उभे करून हक्क सोडवल्यावर २००६ मध्ये ती परत टीव्हीवर आली. गाण्याचं तर डबल, रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे. सगळ्यांना आत्ताच मेल टाकून दर मागव, आलेलं कोटेशन अर्जाला जोडता येतं.

बाकी पटकन सांगते. अचानक खर्चासाठी साधारण १० टक्के वेगळे ठेव, आणि ते लपवून इकडे तिकडे पेरू नकोस, स्वतंत्र ओळ कर. साउंड मिक्स (सगळे आवाज जुळवणं) आणि कलर (रंग एकसारखे करणं) वेगवेगळे लिही, मी माझ्या पहिल्या बजेटमध्ये मिक्स विसरले होते आणि शेवटी ते पैसे घरून मागितले, ती आठवण अजून नको वाटते. फंडाचे नियम दोनदा वाच, काही ठिकाणी उपकरण विकत घ्यायला पैसे चालत नाहीत, काही ठिकाणी आधी झालेला खर्च धरत नाहीत.

करिअरचं म्हणशील तर हो, होतं, आणि माणसं कमी पडतात कारण सगळ्यांना डायरेक्टर व्हायचं असतं. लाइन प्रोड्युसर, प्रॉडक्शन मॅनेजर, प्रॉडक्शन अकाउंटंट ही ती कामं. सुरुवात मात्र शीटने होत नाही, एखाद्या शूटवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून जा, पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, आणि व्हाउचर सांभाळ, संध्याकाळी ठरलेला खर्च आणि झालेला खर्च शेजारी शेजारी मांड. जेवणाला उशीर झाला की शूट किती तास लांबतं आणि त्याचे किती पैसे होतात हे तिथेच कळतं, कुठल्या कोर्समध्ये नाही. सॉफ्टवेअर नंतर शिकशील, सध्या एक्सेल पुरेसं आहे. आणि मजा आली म्हणतेस ना, मग आर्काइव्हचे दहा मेल पाठवून झाल्यावरही येतेय का ते बघ.

नवीन शीट केलीस की पाठव, बघते. आणि हो, तुझे कलाकार चार भाषा बोलतात असं तूच सिनॉप्सिसमध्ये लिहिलंयस, पण ट्रान्सक्रिप्ट, भाषांतर आणि सबटायटल्स यातली एकही ओळ शीटमध्ये नाहीये, तेवढ्या तीन आजच टाक.