जुन्या फॅमिली कॉमेडी मालिका परत आणल्या की मूळ मालिकेइतकी मजा का येत नाही?

तुम्ही विचारलंय की कलाकार तेच, सेट तोच, मग परत आणलेली फॅमिली कॉमेडी फिकी का पडते. या मालिकांची मी पारायणं केलीयेत त्यामुळे मनापासून सांगते, चेहरे परत येतात पण ती माणसं एका घरात का राहत होती ते कारण परत येत नाही. फॅमिली कॉमेडीत पटत नसताना एकत्र राहायची मजबुरी लागते, सगळी गंमत तिथूनच निघते.

अमेरिकेतली फ्रेझर ही मालिका घ्या. मूळ मालिका १९९३ ते २००४. फ्रेझर उंची आवडीनिवडीचा मानसोपचारतज्ज्ञ, घरातली एकेक वस्तू महागडी, आणि त्याचे वडील मार्टिन म्हणजे निवृत्त पोलीस, कंबरेत गोळी लागलेली, एकटं राहणं जमत नाही म्हणून मुलाकडे राहायला येतात ते आपली चिकटपट्ट्या लावलेली जुनीपुराणी आरामखुर्ची घेऊन. ती खुर्ची त्या हॉलमध्ये नुसती दिसली तरी हसू येतं आणि बापलेकाचं नातं काय आहे ते कळतं. पहिल्याच सीझनमध्ये फ्रेझर ती खुर्ची बदलतो, आणि मार्टिन त्याला सांगतात की तुला मुलगा झाल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलो होतो. इतका वेळ आपण त्या खुर्चीला हसत असतो आणि एका वाक्यात घसा दाटून येतो.

२०२३ च्या नव्या फ्रेझरमध्ये हेच उलटं केलंय, आता फ्रेझर बाप आणि तोच मुलगा फ्रेडी मोठा होऊन फायरफायटर झालाय. कल्पना चांगली आहे, खरंच चांगली, पण इथे फ्रेझर अख्खी बिल्डिंग विकत घेतो आणि मुलाला सोबत राहायला लावतो, म्हणजे उद्या पटलं नाही तरी कोणाचं फारसं अडत नाही. मार्टिन साकारणारे जॉन महोनी २०१८ मध्ये गेले, भाऊ नाइल्स झालेला डेव्हिड हाइड पियर्स परत आला नाही, ती उणीव जाणवतेच. शिवाय जुन्याचे ११ सीझनमध्ये २६४ एपिसोड होते, वर्षाला साधारण २४, आणि नव्याचे सीझनला १०. दहा एपिसोडमध्ये कथा पुढे ढकलायची घाई असते, घरात बसून नुसतं क्षुल्लक गोष्टीवरून भांडायला वेळच उरत नाही, आणि माणसं आपलीशी होतात ती अशाच रिकाम्या एपिसोडमध्ये.

फुल हाऊस आणि फुलर हाऊसचं वेगळं आहे. तिथे मजबुरी तशीच ठेवलीये, जुन्यात बायको गेलेला बाप आणि तीन मुली, नव्यात त्यातलीच मोठी मुलगी डीजे, आता नवरा गेलेली, आणि तिचे तीन मुलगे, मदतीला बहीण आणि मैत्रीण. पण पहिल्या एपिसोडमध्ये सगळे मिळून रडणाऱ्या बाळाला गाणं म्हणतात आणि शेजारी जुन्या मालिकेतला तोच प्रसंग लावून दाखवतात. मला तेव्हा भरून आलं होतं, नाही म्हणणार नाही, पण नंतर सारखं जुन्याकडे बोट दाखवणं चालूच राहिलं आणि डीजेच्या दुःखाला जागाच मिळाली नाही. तरी ५ सीझन चालली, लोकांनी प्रेमाने बघितली.

रोझॅन ही मालिका मात्र २०१८ मध्ये परत आली तेव्हा पहिल्याच एपिसोडमध्ये नवरा-बायको टेबलावर औषधांच्या गोळ्या वाटून घेतात, कारण इन्शुरन्समध्ये पूर्वीएवढ्या बसत नाहीत. मुलगी नोकरी गेल्यामुळे पोरांना घेऊन आईबापाकडे परत आलेली. बघा, घर तेच, तंगी तीच, फक्त वय वाढलंय! पुढे मुख्य अभिनेत्रीच्या वर्णद्वेषी ट्वीटमुळे मालिका बंद झाली ते दुर्दैव, पण बाकीचं कुटुंब घेऊन ती द कॉनर्स या नावाने २०२५ पर्यंत चालली, ते मला त्या घराच्या पक्क्या पायाचं यश वाटतं.

आणि मूळच्या तोडीची एकच सांगायची तर वन डे ॲट अ टाइम. १९७५ ची मालिका घटस्फोटित आई आणि दोन मुलींची होती. २०१७ मध्ये फक्त तेवढा सांगाडा ठेवला, कुटुंब क्यूबन-अमेरिकन केलं, आई सैन्यातून परतलेली नर्स, आणि घर लहान म्हणून आजी हॉलमध्येच पडद्यामागे झोपते. आजी झालेली रीटा मोरेनो तो पडदा एखाद्या रंगमंचावर यावं तशी सर्रकन उघडून बाहेर येते तेव्हा प्रत्येक वेळी हसू फुटतं, आणि त्याच पडद्यामुळे कळतं की या बाईला त्या घरात स्वतःची खोली नाही. मुख्य कुटुंबात जुना एकही चेहरा नसताना हे जमलंय. नेटफ्लिक्सने ३ सीझननंतर बंद केली याचं मला अजून वाईट वाटतं, चौथा दुसऱ्या चॅनलवर आला. तुम्ही जुनी बघितली नसेल तरी ही थेट सुरू करा, काही अडणार नाही.