जाहीरनाम्यांचा मजकूरसंग्रह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पक्षांच्या जाहीरनाम्यांच्या पीडीएफ फायलींमधून मजकूर कॉपी केला. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पानावर समोर दिसतो, पण शोधल्यावर कित्येक ठिकाणी सापडतच नाही. असं का होतं?

उत्तर : आधी कॉपी केलेला मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर ती पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटात, म्हणजे युनिकोड या आजच्या सामायिक अक्षरसंकेतांच्या आधीच्या पद्धतीत, जुळवलेली आहे. फाँटचं नाव ‘प्रॉपर्टीज’मध्ये असतं, मजकूर युनिकोडमध्ये बदलायला नेमका त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो. तो न मिळाल्यास पानांच्या 300 डीपीआयच्या प्रतिमा काढून टेसेरॅक्टसारख्या ओसीआरला, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला, द्या. दोन रकान्यांची पानं आधी उभी कापा, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाण्याचा धोका असतो.

मजकूर नीट दिसत असेल, तर संशयित बहुधा ‘ऱ्या’. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं : ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, मग न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’, आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा एकसारख्या करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही हा फरक मिटवत नाही. म्हणून ‘र, हलन्त, जॉइनर’ या क्रमाच्या जागी सगळीकडे ‘ऱ, हलन्त’ घाला. घाईने नुसता जॉइनर पुसलात, तर रफार होऊन ‘शेतकर्यांना’ असा तिसराच शब्द जन्माला येतो. ही दुरुस्ती प्रतीवर करा; मूळ पीडीएफ आणि कच्च्या मजकुराला हात लावू नका.

प्रश्न : कोडिंगसाठी, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयाची खूण देण्यासाठी, पूर्ण वाक्य हे एकक धरलं तर चालेल का?

उत्तर : प्रश्न काय विचारायचाय त्यावर आहे. पक्षांच्या भूमिका मोजणाऱ्या वर्डफिशसारख्या पद्धती पूर्ण दस्तऐवजातली शब्दांची वारंवारता बघतात, तिथे वाक्यं तोडण्याची गरजच नाही. विषयवार कोडिंगला मात्र वाक्य मोठं पडतं. ‘सिंचन वाढवू आणि पोलीसभरतीही करू’ यात दोन आश्वासनं आहेत. अनेक देशांतल्या पक्षांच्या जाहीरनाम्यांचं कोडिंग करणारा बर्लिनचा मॅनिफेस्टो प्रोजेक्ट म्हणूनच ‘क्वासी-सेंटेन्स’ हे एकक वापरतो : एका तुकड्यात एकच विधान, आणि तुकडा वाक्याबाहेर जात नाही. तोडणी आपोआप करणार असाल, तर ‘डॉ.’ आणि ‘रु.’मधले टिंब वाक्याचा शेवट ठरणार नाहीत याची सोय आधी करा. शीर्षकांना वेगळी खूण हवी. ती आश्वासनांत मोजली गेली की टक्केवारी बिघडते.