लाजऱ्या लेकीचं कौतुक

प्रश्न : सहा वर्षांची लेक फार गोड आहे, पण चारचौघांत कौतुक केलं की पाठीमागे लपते. काय करावं?

उत्तर : सगळ्यांच्या नजरा एकदम वळल्या की ती आक्रसते. म्हणून कौतुक एकांतात करा, शेजारी बसून, हळू आवाजात. ‘हुशार गं माझी’ नको. नेमकं पाहिलेलं सांगा : ‘मुंगी पाण्यात पडली तेव्हा तू पान पुढे केलंस.’ मग गप्प राहा, उत्तर मागू नका. पाहुण्यांनी काही विचारलं तर मनात पाचपर्यंत मोजा. अनेकदा आईबाबा लगेचच मुलांच्या वतीने बोलून टाकतात. ‘लाजाळू आहे’ऐवजी ‘तिला थोडा वेळ लागतो’ म्हणा. घरी भरभरून बोलते, पण शाळेत रुळल्यावरही महिनाभर अजिबातच बोलत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना जरूर दाखवा.